किंगडा का: ४५६ फूट उंच चढवायची गाडी, आणि तिला इंजिनच नाही

२८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी सकाळी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जॅक्सन गावात जगातली सगळ्यात उंच रोलरकोस्टर स्फोटकं लावून पाडली. काही सेकंदांत सगळा सांगाडा जमिनीवर. नाव किंगडा का, पार्क सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर. एडिसन, प्लेन्सबरो वगैरे भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा पार्क पाठ असणार, कारण भारतातून भाचे-पुतणे आले की एक शनिवार तिकडे जातोच. लांबून, हायवेवरनं येतानाच झाडांच्या वर तो हिरवा उलट्या यू सारखा टॉवर दिसायचा आणि गाडीतल्या निम्म्या लोकांचा आवाज बंद व्हायचा.

पाडली म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं की काहीतरी मोठा अपघात झाला असणार. तसं काही नव्हतं. माझं मत विचाराल तर या राइडला उंचीनं नाही मारलं, वेगानंही नाही, तिला मारलं ते तिच्या पोटातल्या मशीननं, म्हणजे ज्या मशीनमुळे ती रेकॉर्ड करू शकली त्याच मशीननं. आता हे नीट समजायचं असेल तर आधी एक साधी गोष्ट डोक्यात पक्की करावी लागेल, ती म्हणजे रोलरकोस्टरच्या डब्याला इंजिन नसतं. बहुतेकांना हे माहीत असतं पण त्याचा अर्थ काय ते लक्षात येत नाही. डबा एकदा सुटला की त्याच्याकडे जी काही शिल्लक आहे ती उंचीच्या रूपात किंवा वेगाच्या रूपात. वर गेला की वेग खर्च होऊन उंची मिळते, खाली आला की उंची खर्च होऊन वेग मिळतो, आणि या देवाणघेवाणीत प्रत्येक वेळी हवा आणि चाकांचं घर्षण आपलं कमिशन कापून घेतात. म्हणून तर साध्या राइडमध्ये पहिली टेकडी सगळ्यात उंच असते, पुढच्या सगळ्या छोट्या होत जातात.

मग प्रश्न एकच उरतो, ती पहिली उंची आणायची कुठून? रोलरकोस्टरचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला वेळोवेळी शोधलेली उत्तरं आहेत असं मला वाटतं.

सुरुवात रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास. थंडीत लाकडाचे उंच मचाण बांधायचे, उतारावर पाणी ओतून बर्फ करायचा आणि बिनचाकाच्या घसरगाडीवर बसून सुसाट खाली यायचं. वर जायला जिना, म्हणजे उंची ज्याची त्यानं आपापल्या पायांनी कमवायची. तिथनं ही आयडिया फ्रान्सला गेली, तिथे बर्फ कुठून आणणार म्हणून चाकं आली, आणि १८१७ मध्ये पॅरिसमध्ये रुळात अडकवलेल्या चाकांच्या गाड्या लोकांना घेऊन घसरायला लागल्या. अमेरिकेत वेगळंच झालं. पेनसिल्वेनियात मॉक चंक नावाच्या गावी डोंगरावरनं कोळसा खाली आणायला उताराची रेल्वे होती, १८२७ ची, कोळशाचे डबे नुसत्या उतारावर खाली यायचे, आणि पुढे तिथे माणसंच पैसे देऊन मजेसाठी बसायला लागली.

आणि मग न्यूयॉर्कचं कोनी आयलंड. १८८४ च्या जूनमध्ये लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं तिथे स्विचबॅक रेल्वे सुरू केली. ५ सेंट तिकीट, वेग ताशी फक्त १० किलोमीटर, म्हणजे आपली गल्लीतली पोरं सायकल याहून जोरात चालवतात. लोक जिना चढून टॉवरवर जायचे, गाडीत बसायचे, गाडी पलीकडच्या टोकाला पोचायची, तिथे परत सगळे खाली उतरायचे, कामगार गाडी ढकलत वर न्यायचे, आणि मग परतीचा प्रवास. एवढं असूनही तुफान चालली. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत फिलिप हिंकलनं वाफेच्या ताकदीवर गाडी वर ओढायची सोय केली आणि लोकांची जिन्यातनं सुटका झाली. आता बसल्या जागी उंची मिळायला लागली.

यानंतर एक नाव घ्यावंच लागेल, जॉन मिलर. सामान्य लोकांनी हे नाव कधी ऐकलेलं नसतं पण आज जगातल्या कुठल्याही मोठ्या रोलरकोस्टरमध्ये हा माणूस आहे. साखळीनं गाडी वर जाताना तो टक टक टक टक आवाज येतो ना, पोटात गोळा आणणारा, तो साखळीचा नसतो. गाडीखाली एक लोखंडी खिट्टी असते, ती बाजूच्या दात्यांवरनं एकेक दाता ओलांडत जाते, आणि साखळी तुटली तरी खिट्टी दात्यात अडकून गाडी मागे घसरत नाही. तो आवाज म्हणजे सुरक्षेचा आवाज आहे आणि लोक त्यालाच घाबरतात, ही मजाच आहे. ही खिट्टी मिलरची, १९१० च्या सुमाराची. त्याचं दुसरं काम याहून मोठं. गाडीला रुळाच्या वरनं चाकं असतातच, बाजूनंही असतात, पण त्यानं रुळाच्या खालूनही चाकं लावली, त्यामुळे गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी कवटाळून बसते आणि टेकडीवरनं उडून जायचा प्रश्नच मिटतो. १९१९ चं पेटंट. याच्यामुळेच पुढे १९२० च्या दशकात लाकडी रोलरकोस्टर बेफाम झाल्या. (ती मागे न घसरू देणारी खिट्टी लक्षात ठेवा, किंगडा कामध्ये तिचीच गंमत आहे.)

१९२९ नंतरची मंदी आणि मग युद्ध, त्यात शेकडो राइड्स बंद पडल्या, तो काळ पटकन सोडून देऊ. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडनं मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स उघडली, त्यात पहिल्यांदा पोलादी पाइपचा रूळ वापरला. लाकूड वाकवायला मर्यादा आहेत, पाइप हवा तसा वळवता येतो. तिथनं पुढे उंचीची शर्यत. १९८९ ला ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कात मॅग्नम नावाची राइड २०० फुटांच्या वर गेली, २००० साली त्याच पार्कात मिलेनियम फोर्स ३१० फूट. इथे एक अडचण दिसायला लागली होती. एवढ्या उंच चढाला साखळी लावली तर ती साखळी स्वतःच प्रचंड जड होते, म्हणून मिलेनियम फोर्सला साखळीऐवजी केबल लावली. पण ४०० च्या वर जायचं तर केबलनं ओढत नेणारा चढही लांबलचक बांधायला लागणार, जागा आणि पोलाद दोन्ही भरमसाट.

मग उपाय काय? चढ बांधूच नका. जमिनीवरच गाडीला इतका वेग द्या की ती सरळ उभी भिंत चढून जाईल.

आता थोडं गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. उंची ही वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे उंची चौपट हवी असेल तर वेग दुप्पट पुरतो. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकामधली नायट्रो घ्या, उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास. किंगडा का १३९ मीटर, म्हणजे नायट्रोच्या साधारण साडेतीनपट. साडेतीनचं वर्गमूळ १.८७. आता १०५ ला १.८७ नं गुणा, १९६ येतात. किंगडा काचा खरा वेग होता ताशी २०६, म्हणजे १२८ मैल. इतकं जवळ उत्तर येतं, कारण दोन्हीकडे निसर्गाचा नियम एकच आहे, एकीकडे उंचीचा वेग होतो आणि दुसरीकडे वेगाची उंची.

हा २०६ चा वेग किती वेळात? साडेतीन सेकंदांत. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५९ किलोमीटरची वाढ. सीट तुमच्या पाठीला तुमच्या वजनाच्या साधारण १.७ पट जोरानं ढकलत असते, आणि विमान रनवेवर धावताना जो धक्का बसतो तो याच्यापुढे काहीच नाही. १८ माणसं, वर गाडीचं स्वतःचं वजन, हे सगळं एवढ्या वेळात पळवायला लागणारी ताकद तेव्हा सांगितली जायची २०,८०० हॉर्सपॉवर. म्हणजे साडेपंधरा मेगावॅट. फक्त काही सेकंदांसाठी, आणि मग परत थोड्या वेळानं तेवढीच.

इथे खरी इंजिनिअरिंगची अडचण आहे. एवढी वीज दर थोड्या वेळानं अचानक ओढायला लागलात तर वीज कंपनी दारात येऊन उभी राहील. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुपरमॅन द एस्केप नावाची राइड विजेच्या चुंबकी मोटरवर ताशी १०० मैलाच्या वेगासाठी आणि ४१५ फुटांच्या टॉवरसाठी बांधली होती, म्हणजे चुंबकानं ढकलणं जमत होतं, पण त्या काळात ते महागही होतं आणि विजेला खादाडही. म्हणून इंटामिन या स्वित्झर्लंडच्या कंपनीनं दुसरा रस्ता धरला, हायड्रॉलिक लाँच.

कसं चालायचं ते सांगतो. तुमच्या सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी असते, खालचा छोटासा पंप ती तासभर हळूहळू भरतो, आणि सकाळी सात वाजता सगळ्यांचे नळ एकदम सुटले तरी पाणी पुरतं, पंप काही मोठा लागत नाही. तसंच इथे. पंप हळूहळू तेल दाबत राहतात मोठमोठ्या सिलिंडरमध्ये, त्या सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, तेल आत शिरत जातं तसा नायट्रोजन दबत दबत जातो. सगळं तयार झालं की व्हॉल्व्ह उघडतो, दबलेला नायट्रोजन तेलाला जोरात बाहेर ढकलतो, ते तेल हायड्रॉलिक मोटर्समधनं धावतं, मोटर्स एक भलामोठा ड्रम फिरवतात, ड्रमवर जाड केबल गुंडाळली जाते, आणि केबलच्या टोकाला जी घसरगाडी असते ती रुळांच्या मधल्या खाचेतनं ट्रेनला ओढत नेते. ट्रेन खालून एका खिट्टीनं त्या घसरगाडीला धरते. लाँचच्या आधी ट्रेन किंचित मागे सरकायची, ती या पकडीसाठी, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तेव्हाच कळायचं की आता झालं, देवाचं नाव घ्या.

हीच पद्धत पहिल्यांदा २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एक्सेलरेटर राइडला वापरली, २०५ फूट. २००३ ला सीडर पॉइंटला टॉप थ्रिल ड्रॅगस्टर, ४२० फूट आणि ताशी १२० मैल. आणि २१ मे २००५ ला किंगडा का, ४५६ फूट आणि १२८ मैल, खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. खरं सांगायचं तर किंगडा का ही ड्रॅगस्टरचीच थोडी ताणलेली आवृत्ती होती, तीच कंपनी, तोच डिझायनर जर्मनीचा वेर्नर श्टेंगेल, फक्त ३६ फूट जास्त, ८ मैल जास्त, आणि शेवटी १२९ फुटांची एक जास्तीची टेकडी, जिच्यावरनं जाताना सीटवरनं उचलल्यासारखं वाटायचं. बाकी सगळी राइड सरळ धावपट्टी, उभा चढ, माथा, उभा उतार, तोही २७० अंशांचा पिळा मारत. अर्ध्या मिनिटात खेळ खलास. काही जाणकारांना त्यामुळे ती कधीच आवडली नाही, दोन तास रांगेत उभं राहून अर्धं मिनिट, वर खांद्यावरनं येणारा तो जाड लॉक. मला तो आक्षेप पटतो, पण तरी एकदा बसावीच अशी ती चीज होती.

आता ती गंमत. घर्षण आणि हवा सगळं बाजूला ठेवलं तर ताशी २०६ च्या वेगानं गाडी १६७ मीटरपर्यंत चढू शकते. टॉवर १३९ चा. म्हणजे हाताशी राहतात फक्त २८ मीटर, आणि हवेचा अडथळा आणि चाकांचं घर्षण त्यातलं बरंचसं खाऊन टाकतात. म्हणून माथ्यावर गाडी अगदी रेंगाळत जायची. आता समजा समोरनं जोराचा वारा आहे, किंवा सकाळची थंडी आहे नि चाकांवरचं रबरासारखं आवरण कडक झालंय, आणि वेग फक्त ५ टक्के कमी पडला. वर्गाचा नियम इथे उलटा फिरतो, ५ टक्के वेग कमी म्हणजे १० टक्के उंची कमी, १६७ चे १५० झाले, त्यातनं घर्षण वजा, आणि गाडी माथ्याच्या थोडं अलीकडेच थांबते. मग? मग ती आलेल्या वाटेनं मागे. उलटी. १८ माणसांना घेऊन, पाठ खाली करून, उभ्या भिंतीवरनं.

याला रोलबॅक म्हणतात आणि हा अपघात नव्हता. हे आधीच धरून चाललेलं होतं. मिलरची खिट्टी इथे नव्हतीच, उभ्या टॉवरवर गाडी अडकवून ठेवण्यापेक्षा तिला परत खाली येऊ देणं जास्त सोपं आणि जास्त सुरक्षित. आता ती परत आली की थांबवायची कशी? लाँचच्या रुळावर तांबट रंगाच्या धातूच्या पट्ट्यांच्या रांगा असायच्या. लाँचच्या वेळी त्या खाली दबायच्या, ट्रेन पुढे गेली की लगेच वर. ट्रेनखाली शक्तिशाली कायमचे चुंबक. चुंबक त्या पट्टीच्या अगदी जवळनं वेगात गेला की पट्टीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते भोवरे चुंबकालाच विरोध करतात. कुठेही घासाघीस नाही, झीज नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज लागत नाही. गावभर लाइट गेली तरी हा ब्रेक लागणारच. एकच मर्यादा, वेग कमी झाला की विरोधही कमी होतो, म्हणून हा ब्रेक गाडीला हळूहळू मंद करतो, पूर्ण थांबवायचं शेवटचं काम दुसऱ्या यंत्रणेला करावं लागतं. रोलबॅक मिळावा म्हणून मुद्दाम थंडी-वाऱ्याच्या दिवशी जाणारे शौकीन होते! मिळाला तर गाडी परत लाँच व्हायची, म्हणजे एका रांगेत दोन लाँच.

पण कम्प्युटर दर वेळी आधीच्या लाँचचा वेग बघून पुढची ताकद ठरवायचा, त्यामुळे रोलबॅक काही रोज मिळायचा नाही.

एवढं सगळं भारी होतं तर बिघडलं कुठे? या पद्धतीत हलणारे भाग खूप आहेत. व्हॉल्व्ह, सील, पंप, मोटर्स, ड्रम, आणि ती केबल, जी दिवसभर झटके खात राहते आणि झिजते. उघडल्यानंतर महिनाही झाला नव्हता, जून २००५ मध्ये केबलच्या खाचेतला एक बोल्ट निकामी झाला, लाँचच्या यंत्रणेचं नुकसान झालं आणि राइड ऑगस्टपर्यंत बंद. म्हणजे पहिला उन्हाळा, सगळी जाहिरात झालेली, लोक विमानाची तिकिटं काढून आलेले, आणि राइड बंद. २००९ ला वीज पडली, परत काही महिने बंद. आणि पाऊस? थोडी भुरभुर आली तरी बंद, कारण ताशी २०६ च्या वेगात पावसाचा थेंब तोंडावर खड्यासारखा बसतो. त्या पार्कात गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, किंगडा का बंद आहे ही पाटी त्यानं बघितलेली असते.

दरम्यान जग पुढे गेलं. २०१० ला अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसानं ताशी २४० किलोमीटर गाठून वेगाचा रेकॉर्ड काढून घेतला, तीही हायड्रॉलिक लाँचचीच आणि इंटामिनचीच. उंचीचा रेकॉर्ड मात्र शेवटपर्यंत किंगडा काकडेच होता. २०१४ मध्ये पार्कनं तिच्याच टॉवरला चिकटवून झुमांजारो नावाची ४१५ फुटांची ड्रॉप राइड लावली. एकाच सांगाड्यावर दोन राइड्स, म्हणजे एकीची दुरुस्ती निघाली की दुसरीवरही लक्ष ठेवा.

तिकडे विजेच्या चुंबकी मोटर्स स्वस्त झाल्या, वीज साठवून एकदम सोडायची साधनं आली, म्हणजे जे काम नायट्रोजनचे सिलिंडर करत होते ते आता विजेच्या बाजूनंच व्हायला लागलं. ना केबल, ना तेल, ना ड्रम. २०१७ मध्ये स्पेनमध्ये इंटामिननंच रेड फोर्स बांधली, ११२ मीटर, ताशी १८०, पूर्ण चुंबकी लाँच. ज्या कंपनीनं हायड्रॉलिक जगाला दाखवलं तिनंच ते सोडलं, याहून स्पष्ट निकाल काय हवा.

ड्रॅगस्टरचं नशीब तर अजून वाईट. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रेनचा एक धातूचा भाग सुटून रांगेत उभ्या असलेल्या महिलेला लागला, गंभीर दुखापत झाली आणि ती राइड परत त्या रूपात कधी चाललीच नाही. टॉवर ठेवून, लाँच चुंबकी करून, २०२४ मध्ये टॉप थ्रिल २ म्हणून उघडली, तीही थोड्याच दिवसांत वर्षभरासाठी बंद. त्याच वर्षी जुलैत सीडर पॉइंटची कंपनी आणि सिक्स फ्लॅग्ज एकत्र झाल्या, म्हणजे दोन्ही हट्टी पोरं एकाच घरात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की किंगडा का कायमची बंद. तेही राइड बंद झाल्यावर सांगितलं, आधी नाही, त्यामुळे शेवटचं बसून घ्यायची संधी कुणाला मिळाली नाही आणि चाहते याच गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडले. बरोबरच चिडले. कंपनीनं पार्कात नवीन गुंतवणूक, नव्या राइड्स असं सांगितलं. मला वाटतं हिशोब सरळ होता, टॉवर ठेवून लाँच बदलायचा प्रयोग दुसऱ्या पार्कात किती डोकेदुखीचा झाला ते डोळ्यासमोर होतं.

उंचीचा मुकुट आता सौदी अरेबियाकडे आहे, किद्दियातली फाल्कन्स फ्लाइट, १९५ मीटर, ताशी २५० किलोमीटर, परत इंटामिनच, आणि अर्थातच चुंबकी मोटर्सवर. तिथे त्यांनी आणखी एक डोकं लावलं, खऱ्या कड्याची उंची वापरली.

आणि जॅक्सनला जाणार असाल तर टॉवर नाही म्हणून बेत रद्द करू नका. तिथली २००६ ची एल टोरो आहे, लाकडी, १८१ फूट, रुळाचे लाकडी तुकडे फॅक्टरीत मशीनवर अचूक कापून आणलेले, त्यामुळे लाकडी असूनही लोण्यासारखी धावते आणि सीटवरनं उचलून फेकते. तिथेही एक नायट्रो आहे, खोपोलीच्या नायट्रोच्याच कंपनीची, बोलिजर अँड मॅबियार्ड, फक्त २३० फुटांची आणि उलटी न होणारी. आधी नायट्रो करा, मग एल टोरो, आणि एल टोरोला शेवटच्या डब्यात बसा.